सोमवारी नाही

पुन्हा गेला.
पद्मजाच्या खोलीतनं एक "ह्यॅट्",
मग पंख्याची नव्यानं घरघर,
आणि मला कळतं, कुणातरी अडत्याची
गुळाची अर्धी पट्टी हवेत गेली.

चौतीस वर्षं लेथवर उभा होतो.
मशीन उगाच बंद पडत नाही, एवढं एकच शास्त्र मला येतं.
पण हा बंदही पडत नाही लेकाचा.
मेल्यासारखं करतो, लगेच उठतो,
आणि काही झालंच नाही अशा तोंडानं पासवर्ड मागतो.

दस्तगीर आला, राजारामपुरी आठव्या गल्लीतनं.
रॅम काढून खोडरबरानं घासली.
ब्लोअर मारला तर बिडाची काळी भुकटी उडाली,
जिभेवर कितीतरी वर्षांनी कारखान्याची चव आली.
प्रोसेसरवर हरभऱ्याएवढी पांढरी पेस्ट.
तापमान बघितलं, बावन्न. ताप नाही, काही नाही.
सप्लाय बदलला, चौदाशे पन्नास.
विंडोज नवं टाकलं.
मग यूपीएस, साडेतीन हजार.
मेन स्विच पाडून बघितलं: छान चालला,
आणि छान चालता चालता गेला.

आतली नोंदवही उघडून दाखवली त्यानं.
खालपर्यंत लाल खुणा, प्रत्येकीचा जबाब एकच,
की मागच्या वेळी मी नीट बंद न होता सुरू झालो.
कारण काय? माहीत नाही.
"ह्याचं ह्यालाच कळंना, काका," दस्तगीर म्हणाला,
आणि चहा न घेता गेला.

त्या रात्री हिनं मीठ-मोहऱ्या उतरल्या कॅबिनेटवरनं.
नेमका तेव्हा यूपीएस पीप् करून ओरडला.
हिनं मान हलवली, बघा.

मी मात्र जुन्या जॉबकार्डाची पाठकोरी बाजू घेतली
आणि वेळा लिहायला बसलो.
शनिवारी नऊ वीस. अकरा पाच. दुपारी पावणेचार.
रविवारी तीनदा.
सोमवार कोरा.
मंगळवारी दोनदा, एकदा तर ती जीएसटी भरत असताना.
पुढचा सोमवार, तोही कोरा.

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.

भिंतीपलीकडं शेट्यांनी दिवाळीत नवा प्रेस बसवलाय.
त्याचा दणका आम्हाला आता ऐकूच येत नाही,
जसा आपल्या घड्याळाचा येत नाही.
ट्रंकेतनं डायल गेज काढला, फडक्यानं पुसला,
चुंबकाचा पाय टेबलाच्या लोखंडी चौकटीला लावला,
टोक कॅबिनेटच्या अंगाला.
काटा उडाला. अर्धा भाग.
पुन्हा दणका, पुन्हा अर्धा.
किती दिवसांनी एखादी गोष्ट मला नीट दिसली.

मग बोटाच्या पेरानं पुढच्या बाजूला टिचकी मारत गेलो,
भांड्याची चीर शोधावी तसा.
वर काही नाही. मधे काही नाही.
खाली रिसेटच्या बारीक बटणापाशी टक्,
आणि गेला!
"अप्पा!" पद्मजा ओरडली.
"सापडला," मी म्हटलं.

पुढचं झाकण कधीतरी खुर्चीनं चेपलेलं.
बटण आत रुतून बसलेलं, टेकायला केसाएवढं बाकी,
आणि तेवढा केस रोज शेट्यांचा प्रेस भरून काढायचा.
दोन तारा होत्या. त्यांची चिमटी ओढून काढली.
बोर्डावर दोन पिना उघड्या राहिल्या, राहू देत.

आज बारा दिवस. प्रेस चालूच आहे, काटाही उडतोच.
पद्मजा अजून दर ओळीला सेव्ह करते,
डावा हात आपोआप जातो तिचा.
मी काही बोलत नाही.
अठ्ठ्याऐंशी साली चकमध्ये गेलेलं माझं बोट
चक्कीचं बटण दाबतानाही
मी अजून सांभाळून मागं घेतो.

दस्तगीरला फोन केला. तो लई वेळ हसला.
मग जरा थांबून म्हणाला,
"काका, जुना सप्लाय टाकला नाही न्हवं?
चांगला होता तो."