प्लायवूडमागे

सबीकाबाई म्हणाल्या, "मिस्त्री, सगळे काढायचे.
एक सोडून. ऑगस्ट मलाही ठाऊक आहे."

सात एसी. सात खिडक्या अडवून बसलेले,
गल्लीकडे गंजकी पाठ करून,
आणि प्रत्येकाखाली भिंतीवर
थेंबाथेंबानं उगवलेली हिरवट मिशी.
मुहर्रकच्या जुन्या वस्तीत भिंती समुद्रातल्या दगडाच्या.
हात फिरवला तर शिंपल्याची कड लागते.
हिच्यावर कुणी सिमेंट थापलं होतं;
ती आतल्या आत घामेजून
भिजल्या बिस्किटासारखी झालेली.

मोनिर तीन दिवस छिन्नीनं सोलत होता.
चुना आठवडाभर पिंपात मुरत पडलेला.
मी गॅस काढून घेतला, नळ्या कापल्या,
ब्रॅकेटची भोकं बुजवली.
उभ्या जन्मात बसवायचंच काम केलेला माणूस मी,
काढताना स्क्रू उलटा फिरवायला
मनगट एक क्षण थांबतं.

चौथ्या दिवशी बादगीर.
छतावरचा वाऱ्याचा मनोरा, चारी बाजूंना तोंडं.
जिकडून येईल तिकडचा वारा गिळायचा
आणि खाली बैठकीत सोडायचा, एवढंच त्याचं काम.
खालचं तोंड प्लायवूडनं बंद, कडेनं फोम.
पटाशी घातली. फळी करकरली आणि सुटली.
वाळू, पिसं, कबुतराची वाळकी अंडी अंगावर,
आणि फळीच्या मागच्या अंगाला पेन्सिलीनं:
४२ गुणिले ३६, एक बाण, 'वरची बाजू'.
मराठीत.
'र' चं शेपूट पार खाली ओढलेलं.
माझं अक्षर.

चोवीस वर्षांचा होतो. कुडाळहून येऊन चार महिने.
व्हॅन कुठल्या दारात थांबायची ते फोरमनला ठाऊक,
मला फक्त भोकं दिसायची.
"गारवा पळतोय, बुजव," म्हणाला. बुजवलं.
असं बुजवलं की काडी शिरू नये.
वर अर्धा दिनार बक्षीसही मिळालं होतं,
त्याचं काय केलं ते आठवत नाही.

लपवणार होतो. पण फळी हातात होती
आणि बाई दारात.
वाचून दाखव म्हणाल्या. दाखवलं.
खूप हसल्या, मग ओढणीनं डोळे पुसत म्हणाल्या,
"तुझा काय दोष? हट्ट माझा होता.
मैत्रिणींना थंड खोली दाखवायची होती मला.
वडील आठ दिवस बोलले नाहीत.
खुर्ची मात्र त्यांनी हलवली नाही.
बंद फळीखालीच बसायचे,
वर बघत."

संध्याकाळी वारा उतरला.
गाळून-बिळून नाही. मासळी, डिझेल,
तंदूरच्या रोटीचा जळका कोपरा,
शेजारच्या टीव्हीवरचं भांडण, सगळं घेऊन.
मोनिर तोंड उघडं ठेवून त्याखाली उभा राहिला.

गच्चीला पांढरा रंग झाला. भांडी धुतलेलं पाणी
आता अंगणातल्या बोरीला जातं,
तिला इथे कनार म्हणतात.
"बिल किती उतरेल?" बाईंनी विचारलं.
हिवाळ्यात चांगलंच उतरेल, म्हटलं.
दमट दिवसांत वारा नुसता ओला टॉवेल फिरवतो,
तेव्हाचं मी लिहून देणार नाही.
त्यांना हे उत्तर आवडलं असावं,
चहात साखर जास्त पडली होती.

फळी मी मागून घेतली. व्हॅनमध्ये मागे पडून आहे.

रात्री कॅम्पवर भावाचा व्हिडिओ कॉल.
कौलं उतरवली, स्लॅब पडला, घर छान झालंय,
पण माडीवर भट्टी पेटल्यासारखं होतं.
"दीड टनाचा घेऊ की दोनाचा? तू सांग,
तुझंच तर खातं."
मी म्हटलं, कॅमेरा फिरव.
पश्चिमेची खिडकी कुठंय?
त्यानं फिरवला. म्हणाला,
"तिथे कपाट आहे."