कापलेली स्ट्रिप

नेहरूनगरच्या कोपऱ्यावर आमचं मेडिकल.
सतरा वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे मी.
छातीपर्यंत काच, काचेत खोकल्याच्या बाटल्या.
ही काच किती सोयीची आहे
ते मालकांना अजून कळलेलं नाही.

पुरुष येतात. आधी डोकेदुखीची गोळी मागतात,
मग दुकानातली बाई जाईस्तोवर वजनकाट्यावर उभे राहतात,
स्वतःचं वजन वाचतात, पुन्हा वाचतात,
आणि काचेवर वाकून:
भाऊ, इथे जरा... सुजल्यासारखं...
गोळी असते ना यावर?
बोट छातीपर्यंत जात नाही कुणाचं.
शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी जातं, तिथून मागे फिरतं.

मी विचारतो, दुखतं का?
आत चकतीसारखं कडक लागतं, की नुसती चरबी?
दिवस किती झाले?
मिसरूड न फुटलेल्याला सांगतो, थांब,
वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांचं आपसूक ओसरतं.
पाटकरकाकांना म्हटलं, काका, कधी कधी गोळीनेच येतं हे,
पण मनाने बंद करू नका, जुनी चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा.
जिमवाल्याला विचारलं, इंजेक्शन कुठलं घेतोस?
तो काट्यावरून उतरला आणि गेला.
सगळं नीट सांगतो मी.
दोन बनियन घालून सांगतो.

मे महिन्यातही दोन.
आतलं एक नंबर लहान, घट्ट.
नववीत आली माझी चकती.
वर्गात जे नाव पडलं ते इथे लिहीत नाही.
आईने आंबेहळद उगाळून लावली,
पिवळे डाग गणवेशावर उमटले, त्याचं आणखी एक नाव पडलं.
बाबा म्हणाले, जोर काढ.
काढले. खाली वाकलं की जास्तच दिसायचं.

सायनच्या ओपीडीत गेलो तेव्हा एकतीस वर्षांचा.
डॉक्टरीण माझ्याहून लहान, बोटं थंड.
म्हणाली, फार जुनं झालंय हो.
सुरुवातीला, दुखतंय तोवर, कधी कधी गोळीचं ऐकतं ते.
मग आत सगळं विणलं जातं घट्ट,
आता सर्जरीच.
मी म्हटलं, बरं.
शर्टाची बटणं लावताना एक चुकलं, वरचं खाली गेलं,
तसाच घरी आलो.

त्या गोळीचं खोकं आमच्या तिसऱ्या खणात असतं.
दर पाच तारखेला किणीबाई नेतात,
एक बाजू काढल्याला त्यांना चार वर्षं झाली.
जानेवारीत त्यांच्या मागे घागांचा निनाद उभा होता,
सोळा वर्षांचा, चिठ्ठीची घडी तिकिटाएवढी केलेली.
एकाच खोक्यातून दोघांच्या स्ट्रिपा काढल्या.
बाईंनी त्याच्या हातातली पाहिली,
त्याने त्यांच्या.
त्याचे कान लाल.
बाई म्हणाल्या, जेवल्यावर घे रे बाळा, नाहीतर मळमळतं.
एवढंच.
आणि मग तीन रुपये सुट्ट्यांवरून माझ्याशी भांडल्या.

एप्रिलमध्ये निनाद परत आला. हातात स्ट्रिप, सहा गोळ्या शिल्लक.
डॉक्टरांनी थांबवायला सांगितलंय, परत घ्याल का?
मागे पाटी: कापलेली स्ट्रिप परत घेतली जाणार नाही.
पाटीचं अक्षर माझंच.
मी विचारलं, गेलं?
म्हणाला, उजवं गेलं. डावं आहे अजून, थोडंसं.
अंगात पातळ टी-शर्ट होता.
आत काही नव्हतं.

सहा गोळ्यांचे पैसे माझ्या खिशातून दिले.
तिसऱ्या खणात ठेवल्या नाहीत, नियम आहे.
घरी आणल्या.
घेणार नाही. उपयोग नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?
कपाटात आहेत, बनियनांच्या घडीखाली.
एक्सपायरी पुढच्या मार्चची.