चिंचेखाली

न्हावा-शेव्याच्या यार्डात
पोलंडचा एक खलाशी होता,
नाव जिभेवर बसेना, म्हणून आम्ही झिबूच म्हणायचो.
सिगारेटच्या पाकिटावर त्यानं गाव लिहून दाखवलं:
दोम्ब्रोवा. ओकचं रान.

माझं चिंचपाडा, मी म्हटलं,
आणि चिंच कशी सांगायची म्हणून
डब्यातली आमटी बोटभर चाखवली.
त्याचा एक डोळा आपोआप मिटला.

‘आहेत का ओक अजून?’
‘आहे ना. आमच्या जेवणाच्या टेबलात.’

मग त्यानं चिंचेचं विचारलं.
मी डबा घासत बसलो.
बुंध्यावर खिळ्यानं ठोकलेली नोटीस,
नंतर बुंधाही नाही.

पदीबाय अजून रिक्षात बसताना म्हणते,
‘चिंचेखाली सोड रं.’
आझमगढचा पोरगा
भर उन्हात
बरोबर तिथंच ब्रेक मारतो.