चिंचेपासून तिसरं दार

दस्तगीर मिस्त्रींचा फोन, रात्री पावणेदोनला.
"ताई, आत साडेतीन टन रस हाय.
बंद करून चालू करा, असलं काय सांगू नका.
गोठला तर भट्टीच फोडावी लागंल."

मी राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
मांडीवर लॅपटॉप, पायांवर चादर.
तिकडे शिरोलीत, भट्टीशेजारच्या डब्यात,
एक फंक्शन तापमान चाळीस अंशांनी कमी वाचतंय.

लोक म्हणतात, धावत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं.
तसं नाही ते.
जुनं चाक काढतच नाही कुणी.
जुन्या फंक्शनच्या उंबऱ्यावर
एवढीच पाटी लावायची: पुढच्या घरी जा.

आधी कपाटावरच्या जुन्या डब्यावर करून बघितलं.
पॅच चढला. नीट बसला.
सेन्सरचं मॉड्यूल काढलं, परत घातलं,
आणि डबा आडवा.

चहा टाकला. दूध नासलेलं. कोराच प्यायले.

फाइलीत असतो तोवर सिंबॉलला पत्ता नसतो,
नुसतं अंतर असतं:
चिंचेपासून तिसरं दार.
चिंच कुठली, ते कर्नल ठरवतो,
मॉड्यूल मेमरीत उतरेल तेव्हा.
मग बेरीज करून तो पक्का पत्ता लिहितो
त्याच रकान्यात, अंतर खोडून.
घोळ इथंच.
रकाना एक. आधी अंतर, मग पत्ता,
आणि आकड्याकडं बघून कळत नाही
हा अजून निघायचाय की पोचलाय.
माझा कोड दुसऱ्यांदा आला
आणि तिसऱ्या दारात उभा राहून
पुन्हा मोजायला लागला: एक, दोन, तीन.
सहाव्या दारामागे काहीच नव्हतं.

जकात जाऊन किती वर्षं झाली,
रिक्षावाले अजून जकात नाक्यावरच सोडतात.
नाव तेच, किंमत कधीच बदललेली,
तरी कुणी चुकत नाही.
माणसांचं बरं असतं. ती विचारतात.
मशीन विचारत नाही, जाऊन धडकतं.

तीन ओळी लिहिल्या.
मूळ तक्त्याची प्रत बाजूला ठेवायची,
बेरीज दरवेळी तिच्यावरूनच,
पत्त्यावर पत्ता कधीही नाही.
पाच वेळा काढलं, पाच वेळा घातलं. डबा उभा.

मग शिरोली.
सगळी कामं एकेक करून नव्या घरी गेली,
एक सोडून.
एक काम जुन्या फंक्शनच्या आतच झोपलेलं,
सेन्सरच्या उत्तराची वाट बघत.
त्याला ढोसायचं नाही. जागं होऊन
आपल्या पायांनी बाहेर येईल तेव्हाच म्हणायचं, झालं.
अकरा मिनिटं मी त्या एका ओळीकडं बघत होते.
खाली दूधवाल्याची एमएटी लागली, निघून गेली.

"ताई, काटा वर आला बघा. काय केलंसा?"
"पाटी लावली, मिस्त्री."
"कसली पाटी?"
सांगायला गेले आणि राहिले.
मागे भट्टीचा घुमणारा आवाज, कुणीतरी ओरडलं, लाडल आणा रं,
फोन कट.

ते जुनं फंक्शन अजून तिथंच आहे.
चुकीचं मोजणारं, पूर्ण, जागच्या जागी,
पहिली पायरी सोडून एकही बाइट हललेला नाही.
नाव उचलून नव्या घराला दिलं,
त्याला मात्र कुणी कळवलेलं नाही.

बिलावर काय लिहू, अजून ठरत नाही.