मंगळवारी तिकीट अर्ध्यात

मंगळवारी तिकीट अर्ध्यात मिळतं
म्हणून मंगळवारी जाते. दुसरं काही कारण नाही.
पहाटे चारला भट्टी पेटवायची असते,
सातच्या खेळाला बसलं की डोळे कसेबसे उघडे.
त्यातून ज्या सिनेमात मला झोप लागली
तो वाईटच असतो असं नाही,
पण ज्यात लागली नाही, तो बरा.

बुधवारी सकाळी खिडकीशी रांग,
आणि रांगेतलं कोणीतरी विचारतंच:
त्सियाला, काल काय पाहिलंस? जावं का?
मी हातावरचं पीठ झटकते आणि सांगते.

युद्धाचा आलाय ना, त्याला नका जाऊ.
तीन तास धुकं. धुक्यात घोडा.
घोडा चांगला आहे.
माणसं मात्र मरताना फार बोलतात.
माझा सासरा गेला तेव्हा ‘खिडकी’ एवढंच म्हणाला.
उघडू की लावू,
ते आजवर कळलेलं नाही आम्हाला.

तो फ्रेंच: नवरा, बायको, बायकोची मैत्रीण.
कपडे छान. त्यात सगळ्यांना सगळं समजतं,
म्हणून रडू येत नाही.
आणि टेबलावर पाव, हा एवढा लांब,
एकजण तोडेल तर शपथ!
दीड तास मी त्या पावाकडेच बघत होते.
कुताइसीत नवरा-बायको घटस्फोटाचं बोलतानासुद्धा
एकाचा हात पावाकडे जातोच.

भुताच्या सिनेमाला पुढे कॉलेजची पोरं होती,
किंचाळायच्या आधीच हसत होती.
भूत बिचारं नव्या सुनेसारखं
रात्रभर भांडी आपटत होतं,
पण कोणी विचारलं नाही, बाई, तुला हवंय तरी काय?

आणि आता हा, आपल्या गावातला.
गेल्या ऑक्टोबरात आली होती ती मंडळी
दिवे, छत्र्या, पुलापासून आमच्या गल्लीपर्यंत वायरीच वायरी.
मी पुढे झाले, तर म्हणाले, भट्टीवाला पुरुषच हवा.
मग नोदारला सांगितलं, खिडकीतून एक शोती बाहेर द्या.
दिली. पुन्हा द्या. दिली.
अकरा वेळा.
बाराव्यांदा तो म्हणाला, ही गार झाली,
गार पाव मी कोणाच्या हातात ठेवत नाही,
आणि भट्टीत कमरेपर्यंत वाकून नवी काढली.
तीच त्यांनी ठेवली.

गोष्ट? गोष्टीत काही नाही.
नायक जर्मनीहून येतो, आईचं घर विकू की नको,
शेवटी विकत नाही.
(आमच्या गल्लीत सगळ्यांनी विकली.)
नायिका देखणी, पण चालते अशी
की बूट कोणाचे तरी मागून आणलेत.
रिओनी नदी इतकी निळी कधी होती?
मला विचाराल तर वीस मिनिटं कापायला हवी होती.

फक्त एकेचाळिसाव्या मिनिटाला
(दुसऱ्यांदा गेले तेव्हा घड्याळ लावून बसले)
खिडकीतून हात येतो.
नुसता हात, कोपरापर्यंत,
मनगटावर भाजल्याचा तो जुना डाग.
तोंड नायकाचं दाखवलंय.
शोतीतून वाफ निघते, खरीखुरी.
मी चारपर्यंत मोजते, आणि पूल येतो.

नोदार एप्रिलपासून पोलंडात आहे,
कोंबड्यांच्या कारखान्यात, हातमोजे घालून.
कळवलं त्याला, तू सिनेमात आहेस.
दोन दिवसांनी त्याचा आवाज आला, मागे यंत्रांची घरघर:
“पैसे दिले का त्यांनी?”
मग जरा थांबून,
“पाव बरा दिसतो ना?”

आज भूगोलाचे मास्तर वालेरियान पिशवी पुढे करत म्हणाले,
पाहिला तुझा सिनेमा. हात? कसला हात?
मी नेमका चष्मा पुसत असेन.
मी तळाची बाजूला सारून वरची गरम शोती दिली.
म्हटलं, सिनेमा तसा सुमारच आहे, मास्तर.
पुढच्या मंगळवारी अजून एक खेळ आहे.
डाव्या बाजूला बसा.