शेवटचे नीट

"छेल्ले क्यारे बराबर हता?"
सयाजीच्या इमर्जन्सीत ती पोरसवदा डॉक्टर विचारते,
पेनाचं टोक कागदावर टेकवून.

मी मागं मागं जाते.
सव्वासातला कप निसटला उजव्या हातातून,
मीच खेकसले, लक्ष कुठंय.
म्हणजे तेव्हा नव्हते.
सातला पेपर धरून नुसतेच बसलेले,
चष्मा खिशात. मला वाटलं, रुसलेत.
साडेसहा.
मोरीतून ओरडले, "मालू, पाणी गेलं बघ."
अख्खं वाक्य. माझं नाव. बघसुद्धा.
"साडेसहा," मी सांगते, कोर्टात सांगावं तशी.

ती बोटांवर मोजते. वेळेत आहे.
डोक्याचा फोटो: रक्त सांडलेलं नाही,
एक शीर तेवढी बुजलीय.
कागदावर लिहिलंय, शंभरात सहांना या औषधानं
आतल्या आत रक्तस्राव होतो.
मी मालती यशवंत पोतनीस लिहिते
आणि शेवटचा स चौकटीबाहेर जातो.

नऊ दहा. सुई.
तासभर थेंबांकडे बघत राहते.
शेजारच्या कॉटजवळच्या पादऱ्याच्या काकी
थेपला पुढं करतात, मी घेते,
भूक लागलीय याचीच लाज वाटते.

दहा वाजून गेल्यावर
ओठांचा उतरलेला कोपरा हलतो.
"पा..." मग बऱ्याच वेळानं, "पाणी."

नर्स म्हणते, एवढ्यात नाही हं काका,
आधी गिळता येतंय का बघू.

तिला वाटलं, तहान.
मी कानाशी वाकते.
"सकाळी गेलेलं ना? येईल हो.
दुपारी परत सोडतात."