काटा अर्ध्यावर

डावीकडे वळलं की टाकी रिकामी,
उजवीकडे वळलं की भरलेली.
लोकवांग म्हणतो, या काट्यापायी
कोटिडोच्या रस्त्यावर
दोनदा ढकलत आणली गाडी,
एकदा तर मागे गिऱ्हाईक, त्याची बकरीसुद्धा.

नाकिरूनं आधी फ्लोट काढला.
बोटानं वर, बोटानं खाली,
काटा शहाण्यासारखा मागोमाग.
"हा खरं बोलतोय."

मग हँडल वळवलं. काटा धाडकन आडवा.

मानेजवळची वायर वरून धडधाकट;
ब्लेडनं चिरली तर आत हिरवट तांबं
आणि एकच केस, शेवटचा, धरून.

डाख लावला. तीन हजार शिलिंग.

लोकवांग निघाला.
काटा अर्ध्यावर, अगदी स्थिर.
फाट्याशी थांबला,
झाकण उघडलं, गाडी हलवली,
कान लावला.